न वाचलेली घडी

अहमदनगर,
१४ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप मामा व मामी यांस महेंद्रचा सविनय जय भीम.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर केला. मामी म्हणत असतील, पोरगं नगरला जाऊन साहेब झालं. साहेब नाही झालो, पण खुर्ची बदलली आहे. आमच्या कारखान्यात मला खोकी मोजायच्या कामावरून काढून जाहिरातीच्या टेबलावर बसवलंय. साहेबांनी माझं एक पत्र वाचलं आणि विचारलं, "अक्षर वळणदार, भाषाही बरी. कुठं शिकलास?" मी सांगितलं, मामाकडं. माझा मामा शाळेत एक दिवस गेला नाही, कागदगिरणीतल्या रद्दीवर वाचायला शिकला.

आम्ही 'शुभ्रा' नावाचे कागदी नॅपकिन काढतो. एकदा हात-तोंड पुसायचं आणि टाकून द्यायचं. शिर्डीची हॉटेलं घेतात, लग्नाचे आचारी घेतात, पण घरोघरी कुणी घेत नाही. बायका विचारतात, "पदर काय कामाचा मग?" म्हणून आता जाहिरात करायची. मनमाड रोडच्या भिंती रंगवतोय, टेम्पोवर भोंगा लावलाय. घोषवाक्य मीच दिलं, "शुभ्रा : पुसा आणि विसरा!" साहेब खूश आहेत.

आता एक पत्रक काढायचंय, हात पुसायच्या कागदाची जन्मकथा. परदेशातलं थोडं मासिकात मिळालं. आपल्याकडचं तुमच्याइतकं कोण सांगणार? तुमची गिरणी, तुमचा हौद, सगळं लिहा. सोबत दोन पुडे पाठवतोय. तुमची सून दीपा नमस्कार सांगते.

आपला,
महेंद्र

—

कोल्हार,
२३ नोव्हेंबर १९९४

चिरंजीव महेंद्र यास मामाचा जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझे पुडे पोचले. तुझ्या मामीनं पहिल्याच दिवशी एका कागदाला हात पुसले, मग तो साबण लावून धुतला आणि दोरीवर घालायला गेली तर हातात लगदा. मला म्हणते, "ह्ये काय पाठिवलंय तुमच्या भाच्यानं? एका पान्याला टिकंना." मी म्हटलं, अगं ते टाकूनच द्यायचं असतं. तर म्हणते, "मंग घ्यायचं कशाला?" हे तुझ्या पत्रकात घाल, साहेबांना हसू येईल.

आता जन्मकथा. आपल्याकडं हात पुसायला बाईचा पदर, गड्याचं उपरणं, पोराची चड्डी. पुढं हॉटेलं आली तेव्हा वर्तमानपत्राचे चौकोन कापून सुतळीत ओवून खिळ्याला टांगायचे. भजी खाल्ली की एक ओढायचा. हाताचं तेल जायचं आणि बातमीची शाई लागायची. तुझ्या शुभ्राचा आजा तो.

आणि त्याचा पणजा म्हणजे आमचा हौद. नदीपलीकडच्या गिरणीत मी पंचवीस वर्षं लगद्याच्या हौदावर होतो. खाली पातं फिरायचं आणि वरून रद्दी सोडायची. शाळेचे पेपर, कोर्टाची दप्तरं, लग्नपत्रिका, कुणाकुणाची पत्रं, सगळं आत जाऊन एकरंगी राखाडी व्हायचं. हौदावर वाचता येणाराच माणूस ठेवायचे, कारण एखादा स्टॅम्पपेपर चुकून आत गेला तर पंचाईत.

आमचा मुकादम आसाराम. त्याचा एक नेम होता. छापील कागद तसाच सोडा, पण हातानं लिहिलेला कागद असेल तर त्यातली एक ओळ तरी मोठ्यानं वाचल्याशिवाय हौदात जाऊ द्यायचा नाही. म्हणायचा, "हातानं लिवलेलं म्हंजी कुनाचं तरी बोलनं हाय. कुनी ऐकलंच न्हाई तर त्ये तोंड मिटत न्हाई." मग आम्ही पात्याच्या आवाजावर ओरडून वाचायचो, "इकडील सर्व खुशाल आहे!" आणि सोडायचो. बाहेरचा माणूस म्हणाला असता, येड्यांचा बाजार आहे.

हे आसारामचं पत्रकात घालू नकोस, आपल्यातच राहू दे. पण एक विचारतो, तुमच्याकडं हाताचे कागद येतात का? आणि कुणी वाचतं का?

ते "विसरा" मला तेवढं पटलं नाही. "पुसा" पुरे होतं.

तुझा मामा,
उत्तमराव

—

अहमदनगर,
१९ जानेवारी १९९५

तीर्थरूप मामांस जय भीम.

तुमचं न ऐकता आसारामची गोष्ट पत्रकात घातली. रागावू नका. साहेब म्हणाले, हीच तर गंमत आहे. वर्तमानपत्राच्या घडीत घालून नगरभर वाटली.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आमच्याकडं कुणी वाचत नाही. मशीन आहे. आणि ऐकून तुम्हाला आनंद होईल, यंदा आमचा माल तुमच्याच गिरणीतून येतोय! ती बंद पडली तेव्हा गोदामात लगद्याच्या वाळक्या लाद्या तशाच राहिल्या होत्या, मागच्या कोपऱ्यातल्या तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या. साहेबांनी सगळा ढीग उचलला. म्हणजे तुम्ही हौदात सोडलेल्या कागदाला आता लोक तोंड पुसतायत.

एक गमतीची तक्रार आली आहे. शिर्डीच्या एका हॉटेलवाल्यानं पुडा परत पाठवला. म्हणे, नॅपकिन ओला झाला की त्यावर निळी अक्षरं येतात, गिऱ्हाईक घाबरतं. आमचा केमिस्ट म्हणतो, जुनी शाई नीट धुतली गेली नसेल. पण मामा, शाईचे ठिपके कळतात मला. ही अक्षरं ओळीत येतात. मी स्वतः ग्लासातलं पाणी शिंपडून बघितलं. "बाळा, आज खिडकीतून" इतकं आलं. पॅकिंगच्या टेबलावरच्या निकितानं ते मोठ्यानं वाचलं, तशी अक्षरं विरली. वाळवून पुन्हा भिजवलं तर कोरं. तिनं मात्र तेव्हापासून पाकिटं भरायचं काम सोडून दिलं.

मला वाटतं, तुम्ही कागदातले जाणकार, तुम्हाला उलगडेल. एक घडी पाकिटात घातली आहे. थेंबभर पाणी टाकून बघा आणि काय ते कळवा.

आपला,
महेंद्र

—

कोल्हार,
३० जानेवारी १९९५

चि. महेंद्र यास आशीर्वाद.

घडी मिळाली. पाणी टाकलं. काही दिसलं नाही. शाईच असेल.

त्या लाद्या वापरू नका. साहेबांना सांग, कोंदट माल आहे, लोकांना खाज सुटेल. जाळून टाका. तू स्वतः त्या पुड्यांना हात लावू नकोस.

मामीचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

उत्तमराव

—

अहमदनगर,
२१ मार्च १९९५

तीर्थरूप मामांस,

तुमचं इतकं छोटं पत्र मला आयुष्यात आलेलं नाही. मी बारावीत नापास झालो तेव्हासुद्धा तुम्ही चार पानं लिहिली होती. आणि "तुझा मामा" लिहायचं विसरलात. मग मी तुमचं ऐकलं नाही, पुडे घरी आणले.

मामा, हे वाचताना बसून घ्या.

दीपानं परातीत पाणी घेतलं. पहिली घडी भिजवली. निळं, बारीक, उजवीकडं कललेलं अक्षर वर आलं, पाण्याखालून येतं तसं. "महेंदर, दूध पिताना नाक मुरडू नको."

महेंदर. मला जगात कुणी महेंदर म्हणत नाही. तुम्हीच सांगितलं होतं, आई तेवढी म्हणायची.

मी ते वाचलं, आणि वाचता वाचता ते गेलं. दुसरी घडी घेतली, मुद्दाम दुसऱ्या खोक्यातली. "मामाच्या खांद्यावर बसून बाजार बघत जा. उंचावरून भीती वाटली तर त्याचे कान धर." तिसरी तळातून ओढून काढली, तर वाक्य तिथूनच पुढं सुरू. कुठलाही पुडा फोडला तरी पुढचीच ओळ येते, मामा. कुणीतरी क्रमानं हातात देत असल्यासारखी. आणि घरभर फिनेलचा वास. आमच्या घरात फिनेल नाही.

दीपा म्हणाली, "मोठ्यानं वाचू नका, नुसतं बघा." बघून ठेवली तर ती वाळतात आणि पुन्हा भिजवली की पुन्हा येतात. पण दोन-तीनदा भिजवलं की कागदच विरघळतो. म्हणजे वाचलं तर जातं आणि नाही वाचलं तरी जातं. मी ओळी वहीत उतरून घेऊ लागलो. उतरताना ओठ हलले, तेवढ्यानंही ओळ गेली. घाबरून थांबलो आहे.

तुम्ही मला सांगितलं होतं, आई दवाखान्यात गेली, मागं काही ठेवलं नाही. मी तिसऱ्या वर्षाचा होतो. मला तिचा आवाज आठवत नाही, चेहराही फोटोतलाच. हे अक्षर कुणाचं आहे?

उत्तर लगेच द्या. रामनवमीला शिर्डीत गर्दी असते. साहेबांनी ठरवलंय की हा डागी लॉट तिथं फुकट वाटायचा, वर शुभ्राची टोपी घालून. आठ एप्रिलला टेम्पो निघेल. लाखभर माणसं प्रसादाचे हात पुसतील आणि टाकून देतील. तीच माझी जाहिरात आहे, पुसा आणि विसरा.

महेंद्र

—

कोल्हार,
२७ मार्च १९९५

चिरंजीव महेंद्र,

हे पत्र तीनदा लिहिलं, तीनदा चुलीत गेलं. तुझी मामी म्हणाली, "आता चुलीला बी कट्टाळा आलाय. लिवा सरळ." म्हणून सरळ लिहितो.

अक्षर तुझ्या आईचं आहे. केशरचं.

ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आपण धम्म घेतला त्या साली ती अकरा वर्षांची होती. मी ठरवलं, माझी पाटी कोरी राहिली तर राहिली, हिची भरायची. मी विटा वाहिल्या आणि ती सातवी झाली. आमच्या वस्तीत पत्र आलं की लोक तिच्याकडं यायचे. मी शेजारी बसून मान हलवायचो, जणू मलाही कळतंय.

गिरणीत हौदावर जागा निघाली तेव्हा वाचता येणारा माणूस हवा होता. मला येत नव्हतं. केशरनं मला सही शिकवली, स्टॅम्पपेपरचा शिक्का ओळखायला शिकवला, आणि एक युक्ती दिली. कागद असा धरायचा, डोळे डावीकडून उजवीकडं न्यायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचं, "वाचलं." आसारामसमोर मी हाताच्या प्रत्येक कागदावर "इकडील सर्व खुशाल आहे" असंच ओरडायचो. पत्रात हे असतंच, असं तिनं सांगितलं होतं. सगळे हसायचे, माझ्या हाताला बरी खुशालीचीच पत्रं लागतात म्हणून.

तुझे वडील गेले आणि वर्षात तिला क्षय झाला. नगरच्या दवाखान्यात पाच महिने होती. तुला जवळ नेऊ देत नव्हते. अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात गेली. वॉर्डातून तिचं गाठोडं मिळालं. तिथला माणूस म्हणाला, कपडे जाळा, कागदपत्रं नष्ट करा, लहान पोर आहे घरात. कपडे मी जाळले. खाली एक जाड वही होती. मला वाटलं दवाखान्याची असेल, औषधांचे हिशेब, तापाचे आकडे. माझ्यापुढं सगळी अक्षरं सारखीच.

जाळायला हात धजावला नाही. मनात आलं, गिरणीत नेऊ, निदान कागदाचा कागद होईल. हौदावर उभा राहिलो. आसाराम ओरडला, "हाताचं हाय का रं?" मी म्हटलं, व्हय. "वाचलं का?" तोंडातून एवढंसुद्धा निघालं नाही, इकडील सर्व खुशाल आहे. खुशाल कुठं होतं? मी नुसतं म्हटलं, "वाचलं." आणि सोडली. पात्यात अडकून वही एकदा उघडली, पानं पसरली आणि खाली गेली. सगळं निळं होतं, पोरा. आकडे नव्हते.

तीन वर्षांनी आपल्या बाजारात वॉर्डातली आया भेटली, रंगुबाई. तुला माझ्या खांद्यावर बघून म्हणाली, "ह्योच का महेंदर? वही ठिवली ना जपून? लई झिजून लिवलीय तिनं. बाकीच्या बाया झोपायच्या, ही लिवत बसायची." तू तेव्हा माझे कान धरले होतेस. गर्दी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी आसारामच्या पाया पडलो आणि सगळं सांगितलं. त्यानं रद्दीतली एक बालभारती काढून हातात दिली. मी वाचायला शिकलो ते असं. तू लोकांना अभिमानानं सांगतोस, माझा मामा रद्दीवर शिकला. दरवेळी मला ते पातं ऐकू येतं.

पुढची वीस वर्षं हौदात जाणारा हाताचा प्रत्येक कागद मी पुरा वाचला. एक ओळ नाही, पुरा. लोकांना वाटायचं हौस आहे.

जानेवारीत तुला खोटं लिहिलं. पाण्याचा थेंब टाकला आणि अक्षर वर यायला लागलं. पहिलंच "दा" दिसलं आणि मी डोळे मिटले. वाळेपर्यंत तसाच बसलो. भीती वाटली की ते मला असेल. ती घडी बारक्या पत्र्याच्या डबीत ठेवली आहे. रोज डबी उघडतो, झाकतो. फिनेलचा वास इथंही येतो, तिच्या वॉर्डात यायचा तोच. मामी म्हणते तिला येत नाही, पण डबी आहे त्या कोपऱ्यात ती झाडू मारत नाही.

माल जाऊ देऊ नकोस. साहेबांच्या पाया पड, काहीही कर. आणि बाळा, वाच. जाईल म्हणून भिऊन ठेवू नकोस. ठेवलेलं काय होतं ते मी बघितलं आहे. तिनं वाचायलाच लिहिलं होतं. मोठ्यानं वाच, म्हणजे तिला ऐकू जाईल.

मला माफ कर असं लिहिणार होतो. तू ठरव.

उत्तमराव

—

अहमदनगर,
११ एप्रिल १९९५

तीर्थरूप मामांस महेंद्रचा जय भीम.

दोन दिवस तुमचं पत्र खिशात घेऊन फिरलो. खूप राग आला होता, खोटं कशाला सांगू. दीपाला म्हणालो, एवढी वर्षं त्यांनी माझ्यापासून लपवलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं त्यांनी तुम्हाला रोज शाळेत पोचवलं, दारापर्यंत. शिकवणीला बाहेर उभे राहायचे, तुम्हीच सांगता." मग मी तुमचं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

टेम्पो गेला नाही. मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले जाहिरात डोक्यात गेली तुझ्या. मग चहाच्या बशीत एक घडी टाकली. वर आलं, "जेवलास का?" साहेबांनी ते हळू आवाजात वाचलं. मग म्हणाले, "सगळी खोकी घरी ने. आणि भिंतीवरचं ते 'विसरा' पुसून घे." त्यांची आई गेल्याच वर्षी गेली.

आम्ही तीन दिवस वाचत होतो. मी एक ओळ, दीपा एक ओळ. बरंच काही नाही, मामा. ताप आला, ताप उतरला. खिडकीतून चिंच दिसते. शाळेत पुढच्या बाकावर बस. बाई मारतील, रडू नको. तू कसा दिसत असशील आता. बहुतेक पानांवर एवढंच. एका ठिकाणी तुमचं नाव आहे, "मामा विचारेल ते खरं सांग. त्यानं खोटं सांगितलं तर समज, लाजेनं सांगितलं."

त्याच्यानंतर एकच ओळ आली आणि पुढची घडी कोरी निघाली. तिच्यापुढची पण. नंतर सगळीच कोरी. पण गोष्ट संपलेली नाही, शेवटची ओळ अशी आहे, "आता हे पान माझ्या भावासाठी."

ते पान आमच्या कुठल्याच पुड्यात नाही. ते तुमच्या डबीत आहे.

मामा, तुम्हीच मला लिहिलंत, वाचायलाच लिहिलं होतं. मी रविवारी येतोय, पण माझी वाट बघू नका. ते माझं नाही. माफीचं विचारलंत, तर आधी ते वाचा, मग बोलू. राग थोडा आहे अजून, तो घेऊनच येतो.

तुमचा,
महेंद्र

—

कोल्हार,
१४ एप्रिल १९९५

चिरंजीव महेंद्र यास जय भीम.

आज जयंती. सकाळी विहारात वंदना झाली, पोरांनी निळे झेंडे लावले. घरी येऊन मामीला म्हटलं, आज करतो. ती म्हणाली, "मी बसते जवळ. पर मला काय वाचता येत न्हाई, तुमी मोठ्यानं वाचा." भर दुपारी, दार उघडं टाकून बसलो.

घडी ताटात ठेवली. बोटानं एक थेंब घेतला आणि वरच्या कोपऱ्यात सोडला. एकच थेंब, मामी साक्षीला आहे. वाटलं तेवढाच कोपरा भिजेल.

तेवढाच भिजला. "दादा" आलं. मी वाचलं, "दादा." आणि मग ओल पुढं सरकली. एका अक्षराएवढी. थांबली. मी वाचलं, पुन्हा सरकली. मी कागदाला हात लावलेला नव्हता. महेंद्र, लहान असताना केशर मला शिकवू बघायची, तेव्हा अक्षराखाली बोट धरायची. मी अडलो की बोट तिथंच. ओरडायची नाही, नुसती थांबायची. तसंच.

"क्षय" या शब्दाला मी अडलो. मोठ्यानं वाचताना जोडाक्षराला जीभ अजून अडखळते, आणि चष्माही ओला झाला होता. ओल थांबली. मी "क" म्हटलं, ती हलेना. मामीनं माझा गुडघा धरला. मी नीट बघितलं आणि "क्ष" म्हटलं, तेव्हा ती पुढं गेली.

पान लहान आहे. इथं उतरवतो. वाचल्यावर ओळी गेल्या, पण पाठ झाल्या आहेत.

"दादा, मला क्षयानं धरलं ते आता सोडत नाही. वही महेंदरसाठी आहे. तुला वाचता येत नाही हे मी इथं कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, नोकरी जाईल. कुणी विचारलं तर 'वाचलं' म्हण. पण हे तू खरंच वाचत असशील, तर शिकलास म्हणायचं. मग माझं काही राहिलं नाही."

मी मोठ्यानं म्हटलं, "वाचलं."

कागद त्याच क्षणी आख्खा ओला झाला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि ताटात लगदा होऊन बसला. फिनेलचा वास गेला. मामी उठली, झाडू घेतला आणि तो कोपरा झाडायला लागली. म्हणाली, "आता झाडते. आज बाई इथं बसलेल्या न्हाईत."

मी विचारलं, कोण बाई? तर म्हणते, "जानेवारीपासनं बसत हुत्या की. तुमी डबी उघडायचा तवा वाकून बघायच्या. मला वाटलं, तुमाला दिसतंय."

रविवारी ये. राग घेऊन ये, दीपालाही आण. तू बोलत जा, मी ऐकतो.

तुझा मामा,
उत्तमराव